ग्रीनवरची हरळी

पुस्तकांत वसंत ऋतू असतो. आमच्या नगर जिल्ह्यात होळी पेटली की उन्हाळा लागतो, मधलं काही नसतं. पण भिंगारच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर कामाला लागल्यापासून मला वसंत ऋतू मानावा लागला, कारण गवत तो मानतं. थंडीत ते पिवळं पडून झोपलेलं असतं. माघ सरत आला, दुपारी डोक्याला टोपी लागायला लागली, की बुडातून हिरवी टोकं निघतात. तिथपासून पाडव्याला जी स्पर्धा असते तिथपर्यंत आम्हाला पाठ टेकायला फुरसत नसते.

काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मैदानावर जिथं झेंडा रोवलेला असतो आणि खाली चेंडू पडायचा खड्डा असतो, ती गुळगुळीत जागा म्हणजे ग्रीन. बाकी मैदानाचं गवत थोडं वरखाली चालतं, ग्रीनचं चालत नाही. तिथं ते नखाएवढंही वाढू द्यायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पोकळ दातांच्या मशीननं ग्रीनला भोकं पाडायची. मातीच्या गुंड्या वर येतात त्या झाडून काढायच्या. चाळलेली वाळू आणि बारीक खत पसरायचं, वरून जाळी ओढून ते भोकांत बसवायचं. मग पाणी, मग युरियाचा हलका हात, मग पुन्हा पाणी. उजाडताच लांब बांबू फिरवून दव झाडायचं आणि कापणी करायची. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. लहान लेकराला दूध पाजायच्या वेळा सांभाळतात तशा आम्ही त्या गवताच्या वेळा सांभाळतो.

त्या गवताचं नाव बर्म्युडा. मी लागलो तेव्हा पुण्याहून एक जाणकार आम्हाला शिकवायला आला होता. त्यानं वाफ्यातली एक मूठ मुळासकट उपटून माझ्या हातात दिली. मी खाली बघितलं. पांढऱ्या, पेरापेरांच्या, टोकाला सुईसारख्या काशा, जमिनीखालून पसरणाऱ्या मुळ्या. हरळी! पान जरा बारीक, जात सुधारून आणलेली, पण हरळी ती हरळीच. मी म्हणालो, "सर, ही तर हरळी आहे." तो म्हणाला, "हो, त्याच कुळातली," आणि पुढं खताकडे वळला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. माझे मात्र कान तापले. आजही फाल्गुनात ग्रीनवर पाणी सोडताना तापतात.

ज्यानं रान केलं नाही त्याला हे कळणार नाही. देवाला वाहताना तिला दुर्वा म्हणतात आणि मान देतात. रानात आली की तिला शिवी असते. एकदा शिरली की बाजरी पिवळी पडते, मूग खुरटतो. वरून खुरपली तर खालून फुटते. तोडून टाकलं तर प्रत्येक तुकडा नवा संसार मांडतो. तिला एकच उपाय, खोल नांगरट करायची आणि नांगरामागं वाकून हातानं एकेक काशी वेचायची, बांधावर ढीग करायचा, वाळला की पेटवायचा. आमच्याकडे ज्याच्या रानात हरळी त्याच्या घराण्याची चर्चा पारावर होते. त्याला पोरगी देतानाही लोक दोनदा विचार करतात.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला. आमच्या रानात हरळी होती.

म्हणजे आधी नव्हती. माझे आईवडील दर साल दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी आणि बहीण कधी बरोबर, कधी मामाकडे. तिकडं ते दुसऱ्याचा ऊस तोडायचे आणि इकडं आमच्या रानात हरळी निवांत पसरायची. होळीच्या सुमाराला गाडी परत आली की आई चूल पेटवायच्या आधी रानात जाऊन यायची. परत येताना तिचं तोंड बघवत नसे. मग तो सगळा वसंत, पुस्तकातला तो, आमचा काशा वेचण्यात जायचा. वडील नांगरामागं, आई त्यांच्यामागं आणि आम्ही दोघं आईच्यामागं. तिच्या हातातून एक काशी सुटायची नाही. आमच्या हातून सुटली की पाठीत धपाटा बसायचा. तरी पुढच्या साली ती पुन्हा होतीच. वडील गेले तेव्हा रानाचा अर्धा तुकडा हरळीनं खाल्लेला होता. आईनं मला शेतकीची पदविका करायला लावली ती ह्याच रागानं. "शिकून ये आन् हिचा बंदोबस्त कर," असं ती मला म्हणाली होती. मी शिकून आलो आणि हरळीला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायला लागलो.

आईला मी कधी खोटं सांगितलं नाही. "मैदान बघतो, गवत, झाडं, पाणी, सगळं माझ्याकडं असतं," असं सांगितलं. तिनं तिच्या मनानं त्याचं "साहेबलोकांचं रान बघतो" असं केलं आणि गावभर केलं. मी दुरुस्ती केली नाही. कशी करणार? आमच्या गावात फाल्गुनातच विहिरी तळाला जातात. टँकर कधी येतो आणि कुणाच्या दारापुढं थांबतो ह्यावर बायकांची भांडणं होतात. तिला फोनवर काय सांगू, की ज्या हरळीनं तुझी कंबर मोडली तिला मी फवाऱ्यानं पाणी देतो? आमचं पाणी नाल्याचं असतं, गाळून शुद्ध केलेलं, पिण्याचं नव्हे. हे मी दिवसातून एकदा तरी स्वतःला सांगतो. ऐकून बरं वाटतं, पण फार वेळ नाही.

तर ह्या वर्षी आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. उजव्या डोळ्यानं तर तिला चुलीतला जाळसुद्धा धुरकट दिसायचा. नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात तारीख मिळाली ती नेमकी आमच्या हंगामातली, होळीनंतरची. मी तिला इकडं आणली. माझी खोली मैदानाच्या कडेलाच, पंपघराला लागून आहे. बायको बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळं घरात आम्ही मायलेक दोघंच. आली तेव्हा तिला रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. दाराबाहेर हात करून म्हणाली, "लई हिरवंगार दिसतंय रं. गहू हाय का?" मी म्हणालो, "गवत आहे, आई." ती म्हणाली, "वैरनीला?" मी म्हणालो, "तसंच काहीतरी." आणि तिची पिशवी घेऊन आत गेलो. खरं सांगायचं तर तिला दिसत नाही ह्याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. आईला दिसत नाही ह्याचं बरं वाटणारा मी माणूस!

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, मोठा काळा चष्मा दिला, थेंबांच्या बाटल्या दिल्या. नर्सबाईंनी बजावलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धुळीत जायचं नाही. आई सगळ्याला "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत होती. रिक्षातून येताना तिनं काळ्या चष्म्यातून भिंगारचा सगळा बाजार वाचून काढला. वाचता येत नाही तिला, पण दुकानांपुढच्या बादल्या, लटकवलेले झाडू, हातगाडीवरची द्राक्षं, एकेक वस्तू बोट करून सांगत होती. मी हसत होतो आणि आतून घाबरत होतो. आता हिला दिसायला लागलं होतं.

दोन-तीन दिवस मी तिला दाराच्या आत ठेवली. ऊन आहे, धूळ आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, अशी सगळी कारणं मला उपयोगी पडली. वेळेवर थेंब घातले. भाकरी मी थापल्या, त्या तिनं तोंड वाकडं न करता खाल्ल्या. ती दारातल्या खुर्चीत बसून बाहेर बघायची आणि मी कामावरून अधूनमधून वाकून बघायचो, की ती काय बघते आहे. खोलीच्या समोरच एक ग्रीन आहे, मधे फक्त पायवाट. लांबून ते हिरव्या सतरंजीसारखं दिसतं, त्यात काय आहे ते कळत नाही. ह्याच भरवशावर मी होतो.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या हाताखाली मानसं किती?" मी म्हणालो, "आहेत थोडी." ती म्हणाली, "कामं करत्यात का निस्ती?" मी म्हणालो, "करतात की." मग हळूच, जसं काही कुणी ऐकेल, ती म्हणाली, "साहेब कवा येतो बघायला?" मी म्हणालो, "रोज सकाळी येतात फिरायला." त्यावर तिनं नुसती मान हलवली. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

ती सहज विचारत नव्हती. मी पंपाकडे गेलेलो असताना ती पायवाटेपर्यंत जाऊन आली होती. तिथं ग्रीनच्या कडेला काय उगवलंय ते तिनं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या सुमाराला लांबच्या ग्रीनवर बांबू घेऊन दव झाडायला गेलो. आई झोपलेली दिसली म्हणून दार लोटून गेलो. तिकडची कापणी सुरू करून देऊन परत फिरलो तेव्हा ऊन नुकतं कडुनिंबांच्या शेंड्यांवर आलं होतं. पायवाटेवरून मला ग्रीनवर कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. पदर कमरेला खोचलेला, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, हातात पंपघरातलं खुरपं. माझी आई हरळी काढत होती.

खोलीच्या बाजूचा ग्रीनचा एक कोपरा, खाटेएवढा, तिनं साफ उघडा केला होता. भोकं पाडून, वाळू भरून, खत घालून, पाणी पाजून पाडव्यासाठी तयार केलेला तो कोपरा. काम मात्र तिचं होतं ते तिचंच. माती भुसभुशीत, एक काशी राहिलेली नाही. काढलेल्या काशा तिनं शेजारच्या वाळूच्या खड्ड्यात नीट ढीग करून ठेवल्या होत्या, वाळूत लवकर वाळतील म्हणून. खेळणाऱ्याचा चेंडू अडकावा म्हणून जो खड्डा मुद्दाम केलेला असतो, तिला तो काशा वाळवायचा खड्डा वाटला. उघड्या केलेल्या जागेत घोळीच्या भाजीचं एक रोप मात्र तिनं राखलं होतं. खाण्यासारखं रोप उपटणं तिच्या हाताला माहीत नाही.

"आई!" मी ओरडलो.

तिनं वर बघितलं. तोंडावर घाम होता, ऑपरेशनचा डोळा लाल झालेला होता, आणि ती खुशीत होती. मला जवळ बोलावून दबक्या आवाजात म्हणाली, "आरं, वरडू नकोस. साहेब यायच्या आत हुतंय तेवडं काढते. किती हरळी माजलीय रं तुज्या रानात! मानसं तुला फशिवत्यात, वरवर कापून ठिवत्यात हिरवं दिसाया. मला परवाच दिसली. म्हनलं, साहेबाच्या ध्यानात आलं तर माज्या पोराची काय इज्जत राहायची?"

ती मला लाजेतून वाचवायला बसली होती. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलेलं असताना, नव्या डोळ्यानं, माझी अब्रू झाकायला बसली होती. मी तिच्या हातातून खुरपं घेतलं. तिला वाटलं, मी तिच्या काळजीनं घेतलं. म्हणाली, "मग तू कर, मी दावते कुटं हाय ती." आणि तिनं ग्रीनभर हात फिरवला. तो हात फिरता फिरता थांबला. तिला बहुतेक तेव्हा दिसलं असावं, की ती सगळीकडे होती. हरळीशिवाय तिथं काही नव्हतंच.

तेवढ्यात साहेब आले.

साहेब फौजेतून निवृत्त झालेले, मैदानाचा कारभार बघतात, रोज सकाळी काठी घेऊन चालतात. शिस्तीचे आहेत, पण मनानं चांगले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि आईला काही कळलं नसतं. ते रागावले नाहीत. त्यांनी उघडा कोपरा बघितला, वाळूतला ढीग बघितला, आईकडं बघितलं. मी म्हणालो, "साहेब, ही माझी आई. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला माहीत नव्हतं." आणि साहेबांना एकदम सगळं उमगलं. ते हसले, आईला हात जोडले आणि त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीत समजावून सांगायला लागले. माताजी, ये घास हम लगाते हैं. मुद्दाम लावतात. लांबून आणतात. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, माझी स्तुती सुरू केली. तुमचा मुलगा फार मेहनती आहे. ह्या गवताला पोटच्या पोरासारखं वाढवतो. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, कधी चुकत नाही. असा माणूस आम्हाला मिळाला नव्हता.

आई "व्हय का, व्हय का" करत ऐकत होती. एकेका वाक्याला तिच्या चेहऱ्यावरची खुशी उतरत गेली. साहेबांना ती संकोचली असं वाटलं. मी जमिनीकडं बघत होतो. आयुष्यात माझी इतकी स्तुती कुणी केली नाही आणि इतकी लाजही मला कधी वाटली नाही. "पाडव्याला वेळ आहे, होऊन जाईल," असं म्हणून साहेब पुढं गेले. जाताना तिला म्हणाले, "माताजी, आँख संभालो."

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मशीनचा आवाज लांबून येत होता. तिनं विचारलं, "पानी कुटलं?"

"नाल्याचं. गाळलेलं. पिता येत नाही ते."

"रोज?"

"रोज."

"दोन येळा?"

"उन्हाळ्यात दोन वेळा."

तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो. पाठीत एक धपाटा तरी घातला असता. मी वाट बघत होतो त्याची. "शिकून ये आन् हिचा बंदोबस्त कर" असं एकदा तरी ती म्हणेल आणि मी ऐकून घेईन, असं मला वाटलं. मी माझी उत्तरंही मनात जुळवत होतो. नोकरी आहे, आई. आपल्या रानात तरी काय पिकलं? ज्याचं मैदान त्याची हौस. सगळी उत्तरं बरोबर होती आणि एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. पण त्यांची वेळ आलीच नाही. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाळूच्या खड्ड्याकडं निघाली.

"कुठं चाललीस?"

"वाळतील त्या. ऊन चडायच्या आत लावाया पायजेत."

"आई, राहू दे. मी माणसं लावतो. नर्सरीत रोपं आहेत. तुला वाकायचं नाही."

"म्या उपटल्यात, म्याच लावते," ती म्हणाली. त्या आवाजापुढं घरात कधी कुणाचं चाललेलं नाही.

मी निदान एक गोष्ट केली, पाटावर बसवलं तिला, म्हणजे डोकं खाली जाणार नाही. ढीग उचलून तिच्या शेजारी आणला आणि तिच्या बाजूला बसलो. मग आम्ही मायलेकांनी हरळी लावली. मी बोटानं चर काढायचो, ती त्यात काशी आडवी ठेवून मातीनं दाबायची, टोक तेवढं वर ठेवून. मिरचीची रोपं लावते त्याच हातानं लावत होती, हळू आणि ओळीत. कुठली काशी तुटकी निघाली तर तिचे दोन करून दोन ठिकाणी लावायची. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. जन्मभर ह्या बोटांनी एक काशी मागं ठेवली नव्हती. मला त्यांच्याकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघवेना. लाजेनं मेल्यासारखं होतं म्हणतात, तसं मला झालं होतं. पण हात चालू होते.

लावून झाल्यावर मी पाण्याचा पाईप ओढायला उठलो. ती म्हणाली, "त्यानं वाहून जातील. लोटा आन." मी बादली आणि लोटा आणला. तिनं ओंजळीनं शिंपडून पाणी दिलं, एकेका ओळीला. शेवटी उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "गावात कुनाला सांगू नको, म्या हरळी लावली म्हून."

मला वाटत होतं, लाज वाटायचं काम माझं एकट्याचं आहे. त्या सकाळी ती मी तिलाही देऊन बसलो.

डोळा दोन दिवस लालच राहिला. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीण होती. तिनं तपासलं, दुसरे थेंब लिहून दिले आणि माझ्यावर चिडली. आज्जींना वाकायला कुणी लावलं? घरात दुसरं कुणी नाही का कामाला? आई मधे पडली, "त्याचं काय न्हाई वो ताई, मीच भाजी निवडत बसले हुते." राखलेल्या रोपाची मूठभर घोळ तिनं खरंच निवडली होती, आदल्या दिवशी आम्ही खाल्ली होती. डॉक्टरणीला ते पटलं नाही, पण डोळा वाचला, हे महत्त्वाचं.

कोपऱ्यातली हरळी तर काय, आठवड्यात फुटली. हरळीला काय मरण आहे? साहेब येता-जाता थांबून बघायचे, खूश व्हायचे. आई दारातल्या खुर्चीत बसून असायची, पण आता तिनं खुर्ची फिरवून पंपघराच्या भिंतीकडं केली होती. उन्हाची तिरीप येते म्हणून, असं तिनं सांगितलं. मी पाणी सोडायला निघालो की ती डोळे मिटून घ्यायची. थेंब घातलेत म्हणून, असंही तिनं एकदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरणीनं जायला परवानगी दिली तशी ती एक दिवस थांबायला तयार होईना. पाडव्याला घरी पाहिजे, गुढी कोण उभारणार, असं म्हणाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. पाथर्डीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी नेमकी आमच्याच गावची एक बाई निघाली, आमच्या भावकीतली, माझी चुलती लागते. तिची लेक नगरात दिलेली. दोघींची "कवा आलीस, कुटं हुतीस" सुरू झाली. मी खाली खिडकीशी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

चुलतीनं मला बघितलं आणि आईला म्हणाली, "मंग, दिसतंय का आता? लेकाचं रान बगितलं का?"

"बगितलं की."

"कसं हाय?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या सीटच्या दांडीला धरून, आमच्या पारावर लोक साक्ष देतात तशा आवाजात ती म्हणाली, "निर्मळ हाय. लई निर्मळ. हरळीची काशी घावायची न्हाई."

"बाई बाई! शिकल्याचं चीज झालं की गं. मंग तेला म्हनावं, चार दिस ये अन् आपल्या बी रानातली काडून दे."

"त्याला कुटला येळ हाय?" आई म्हणाली.

मी बाटली वर केली. तिनं ती माझ्याकडं न बघता घेतली आणि मांडीवर धरून बसली. गाडी सुटली, फाटकातून वळली, तरी तिनं मान फिरवली नाही. मी रिक्षा केली आणि भिंगारला आलो. संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती. पंपघरात गेलो आणि पाणी सोडलं.